हरिश्चंद्राचं सत्त्व, सरस्वतीबाईंचे दागिने

१९१२ साली दादरच्या एका बंगल्याच्या आवारात राजा हरिश्चंद्राने राज्य दान केलं, बायको विकली, मुलगा विकला आणि शेवटी स्वतःलाही विकलं. कॅमेरा चालू होता. तो ज्या पैशांवर चालू होता, त्यात विमा पॉलिसीवर काढलेलं कर्ज होतं आणि एका बाईचे दागिने होते. ती बाई पांढरी चादर धरून उभी होती. उन्हाची तिरीप नटांच्या चेहऱ्यावर नीट पडावी म्हणून. तिचाच मुलगा राजपुत्र रोहिदासाच्या पोशाखात होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांनी पहिल्या चित्रपटासाठी हरिश्चंद्राची कथा घेतली, कारण ती घरोघर माहीत होती. चित्रपट मुका होता. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही पडद्यावर काय चाललंय ते कळायला हवं होतं. धंद्याच्या हिशेबाने निवड अचूक होती. पण या निवडीमुळे निर्मात्याचं घर आणि त्याने सांगितलेली गोष्ट एकमेकांशेजारी येऊन उभी राहिली, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच निघाला. शब्दासाठी, ध्यासासाठी माणसाने सर्वस्व पणाला लावावं, याचा गौरव आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. त्या सर्वस्वात बायको-मुलं येतात का?

हा प्रश्न धर्माचा आहे, आणि तितकाच व्यवहाराचाही. आजही कोणी आपल्या हिमतीवर चित्रपट काढायला निघालं की पहिली सही होते ती घराच्या कागदांवर. त्या घरात आई राहत असते, शिकणारी मुलं राहत असतात. चित्रपट चालला तर मुलाखती एकाच्या होतात. पडला तर हप्ते सगळे फेडतात.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७०चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. मुलगा मात्र चित्रकलेकडे वळला: मुंबईचं जे. जे. स्कूल, मग बडोद्याचं कलाभवन. फोटोग्राफी, छपाई, ठसे बनवणं, जादूचे प्रयोग, हाताला येईल ती कला त्यांनी शिकून घेतली. गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला, तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल नेलं. पुढे सरस्वतीबाईंशी लग्न झालं. पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली, ती स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, तो पुढे दादरला आणला, रंगीत छपाईची यंत्रं आणि विद्या यांसाठी १९०९ साली जर्मनी गाठली. काम नावाजलं गेलं, आणि भागीदारांशी बिनसलं. फाळके बाहेर पडले ते रिकाम्या हाताने. त्यांच्या उद्योगी आयुष्याची ही रीत पुढेही टिकली: शून्यातून उभं करायचं, नाव मिळवायचं, आणि हिशेबाच्या वहीवरून वाजलं की सगळं तिथेच टाकून निघायचं. प्रत्येक वेळी निघताना मागे घर असायचं.

मग गिरगावातल्या एका चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. 'नवयुग' मासिकात पुढे त्यांनी या अनुभवाविषयी लिहिलं. पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे श्रीकृष्ण, रामचंद्र, गोकुळ, अयोध्या येत होती. आपले देव आपल्या लोकांना असे कधी दिसणार, या विचाराने त्यांना झपाटलं. एका धर्माचं दर्शन घेताना दुसऱ्या धर्माच्या दर्शनाची ओढ लागावी, हा आपल्या चित्रपटसृष्टीचा उगम आहे, आणि तो मोठा सुंदर आहे. पुढचे काही महिने ते चित्रपटांमागून चित्रपट पाहत राहिले, इतके की डोळे गेले. उपचारांनी दृष्टी परत आली. घरात एका रोपाची वाढ थोडी थोडी टिपून त्यांनी एक छोटी फिल्म केली, बी रुजून वेल होईपर्यंतची. ती पाहून यशवंत नाडकर्णी यांनी विमा पॉलिसी तारण घेऊन कर्ज दिलं. फेब्रुवारी १९१२मध्ये फाळके लंडनला निघाले. वॉल्टन इथे सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा आणि छिद्रं पाडायचं यंत्र घेतलं, आणि एप्रिलमध्ये परत आले.

विमा पॉलिसी ही चीज इथे नीट पाहण्यासारखी आहे. कमावता माणूस गेला तर मागच्यांचं काय, यासाठी ती काढलेली असते. ती तारण ठेवली म्हणजे फाळक्यांनी स्वतःचा आज आणि घराचा उद्या असे दोन्ही एकाच डावात लावले. दागिन्यांचंही तेच. बँकेत पैसा ठेवायची सवय नसलेल्या त्या काळात बाईच्या अंगावरचं सोनं म्हणजे आजारपणाची, दुष्काळाची, वैधव्याची तजवीज होती.

आता सरस्वतीबाईंचं काम. कच्ची फिल्म तेव्हा कडेला छिद्रं न पाडता यायची. छिद्रांशिवाय ती कॅमेऱ्याच्या दात्यांत अडकत नसे, म्हणजे पुढे सरकत नसे. फिल्मला उजेडाचा कण लागला तर ती वाया. म्हणून छिद्रं पाडायची ती मिट्ट काळोखात, रात्री, नुसत्या बोटांच्या अंदाजाने. पट्टी यंत्रात घालायची, दांडा दाबायचा, पट्टी नेमकी तितकीच पुढे ओढायची, पुन्हा दाबायचा, शेकडो फूट. अंतर जरा चुकलं तर पडद्यावर राजा थरथरणार. हे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं. निगेटिव्ह धुण्याची रसायनं कालवायला शिकल्या. दिवसा चित्रीकरण, आणि स्वयंपाक घरच्या माणसांपुरता नव्हता, तर सगळ्या कंपनीचा. साठ-सत्तर माणसं जेवायला असत. राणी तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात आचारी असलेल्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं गेलं. पडद्यावरची तारामती पुरुष होती. घरातली तारामती मात्र भांडी आवरून काळोख्या खोलीत जात होती.

जवळपास सात महिन्यांत ३७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३पासून गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लोकांना दाखवला जाऊ लागला. लोकांनी गर्दी केली. फाळक्यांचा डाव लागला होता.

डाव लागला म्हणजे तो लावणं योग्य होतं, असं मात्र होत नाही. यश मिळालं की मागचे सगळे निर्णय आपोआप शहाणपणाचे ठरतात, ही आपली सवय आहे आणि ती वाईट आहे. निर्णयाचं माप तो घेतला त्या रात्री काढायचं असतं. निकाल लागल्यावर ते काढण्यात अर्थ नाही. त्या रात्री समोर दोनच गोष्टी होत्या, एक वेडा वाटणारा ध्यास आणि एक चूल.

हरिश्चंद्राची कथा मात्र या प्रश्नाला घाबरत नाही, आणि ती किती जुनी आहे हे पाहिलं की फार काही उलगडतं. ऐतरेय ब्राह्मणातला हरिश्चंद्र सत्यवादी म्हणून गाजलेला नाही. त्याला मूल नसतं. मुलगा झाला तर त्याचाच बळी तुला देईन, असं तो वरुणाला बोलून बसतो. मुलगा होतो, रोहित. मग राजा चालढकल करू लागतो: दात येऊ देत, दात पडू देत, पुन्हा येऊ देत, शस्त्र धरू दे. मुलगा मोठा होतो, बापाने आपला सौदा केला आहे हे त्याला कळतं आणि तो धनुष्य उचलून रानात निघून जातो. शेवटी त्याच्या जागी शंभर गाई मोजून एका भुकेल्या ब्राह्मणाचा मुलगा आणला जातो, शुनःशेप. आणखी शंभर गाई घेऊन बापच त्याला यूपाला बांधतो, आणखी शंभर घेऊन मारायलाही तयार होतो. शुनःशेप देवांची स्तुती करतो, त्याचे पाश गळून पडतात. नंतर बाप त्याला परत बोलावतो तेव्हा तो जात नाही. विश्वामित्राचा मुलगा होऊन राहतो. दुसऱ्याचं आयुष्य बोलीत लावणाऱ्याला या कथेत मुलाने दिलेलं उत्तर अगदी सरळ आहे. तो निघून जातो.

मार्कंडेय पुराणापर्यंत येईतो हरिश्चंद्र सत्त्वाचा मेरू झालेला असतो आणि विश्वामित्र त्याची परीक्षा पाहणारा. राज्य दिलं, पण वर दक्षिणा हवी. राज्य विश्वामित्राचं झाल्यावर पृथ्वीवर पाय ठेवायला जागा उरत नाही, म्हणून राजा काशीला जातो; काशी शंकराची, ती कोणाच्या राज्यात मोडत नाही. मुदतीचा दिवस येतो. आणि इथे पुराणकार फार मोठी गोष्ट करतो. विकण्याची कल्पना राजाच्या तोंडी येत नाही. राणीच म्हणते की मला विका आणि ऋण फेडा. ते ऐकून राजा मूर्च्छित पडतो. मूल आईला बिलगून सुटेना, तेव्हा तीच विकत घेणाऱ्याला विनवते की यालाही घ्या. पुराणकाराला तो खटकणारा सल जाणवला असावा. बायकोला विकणारा नवरा सत्त्वशील ठरवायचा तर तिची संमती हवी, आणि ती तिने स्वतःहून पुढे येऊन दिलेली हवी.

पण अशी संमती किती मोकळी? नवरा ऋषीच्या शापाच्या धाकाखाली, मूल कडेवर, परका गाव. ज्या माणसापुढे दुसरी वाटच नाही त्याने दिलेल्या होकाराला होकार म्हणायचं का? महाभारतात द्रौपदीने सभेत हाच पेच टाकला होता. आधी स्वतः हरलेल्याला मला पणाला लावायचा अधिकार उरला होता का, असं तिने विचारलं आणि भीष्मांना उत्तर देता आलं नाही. विकर्ण उठून तिच्या बाजूने बोलला. तोही कौरवच.

गंमत अशी की कथांनी जे गौरवलं ते शास्त्राने मान्य केलेलं नाही. विश्वजित नावाच्या यज्ञात यजमानाने आपलं सर्व काही दान करायचं असतं. मीमांसकांनी जैमिनीच्या सूत्रांच्या आधारे यावर चर्चा केली, की सर्व म्हणजे काय? आईबाप द्यायचे का? नाही, ते आपली मालमत्ता नव्हेत. राजाने पृथ्वी द्यायची का? तीही नाही, भूमी सगळ्यांची आहे, राजा तिचा राखणदार. म्हणजे मीमांसकांच्या कसोटीवर हरिश्चंद्राचं पहिलं दानच, राज्याचं, टिकत नाही. याज्ञवल्क्य स्मृती आणखी रोखठोक आहे. कुटुंबाला ओढग्रस्त न करता जे देता येईल तेच द्यावं, बायको आणि मुलगा देऊ नयेत, आणि मागे संतती असताना सर्वस्व देऊन टाकू नये. त्यावर विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका आहे, जिच्या आधारे मुंबई इलाख्यातली कोर्टं हिंदू कुटुंबाचे खटले निकालात काढत होती. शास्त्र्याच्या घरात वाढलेल्या फाळक्यांच्या कानावरून हे सगळं गेलेलं असणारच.

याज्ञवल्क्यानेच बायकोच्या धनाविषयी एक मुभाही ठेवली आहे. दुष्काळ, आजारपण, बंदिवास आणि धर्मकार्य, या चार प्रसंगी नवऱ्याने ते घेतलं तर परत करण्याचं बंधन नाही. यातला चौथा शब्द फाळक्यांच्या बाबतीत कळीचा ठरतो. चित्रपट हे धर्मकार्य होतं का?

त्यांच्या मनात ते होतंच. देवांचं दर्शन घरातल्या म्हातारीला, देवळात पाऊल टाकायची बंदी असलेल्याला, तिकिटाच्या पैशांत घडावं, आणि यंत्र विलायती असलं तरी कला, पैसा आणि माणसं इथलीच असावीत, ही त्यांची धारणा. प्रेक्षकांनीही ती मानली. १९१७च्या 'लंका दहन'मध्ये राम पडद्यावर आला की लोक हात जोडत. त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच होते. पण स्मृतीत ज्याला धर्मकार्य म्हटलं आहे त्यात गल्ला मोजला जात नाही. 'लंका दहन'चा गल्ला मद्रासला बैलगाडीत घालून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावा लागला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या कामात नफा आहे त्याला धर्मकार्य म्हणून बायकोचं सोनं बिनपरतीचं घेता येणार नाही. ते भांडवल झालं. आणि भांडवल देणाऱ्याला भागीदार म्हणतात. सरस्वतीबाईंना त्यागाची मूर्ती म्हणणं सोपं आहे. त्यांना भागीदार म्हणणं जास्त खरं आहे. सोनं त्यांचं, अंधारातली कारागिरी त्यांची, साठ माणसांचं जेवण त्यांचं. पुढे १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली तेव्हा पैसेवाले व्यापारी भागीदार म्हणून आले. त्यांच्याआधीची पहिली भागीदारी स्वयंपाकघरात झालेली होती.

मुलाचं काय? इथे मात्र फाळक्यांचा बचाव करता येत नाही. त्यांच्या चरित्रांत एक हकिकत सांगितली जाते. मुंबईबाहेरच्या चित्रीकरणाच्या वेळी रोहिदास झालेला त्यांचा मुलगा भालचंद्र खेळता खेळता खडकावर पडला, डोकं फुटलं, शुद्ध हरपली. जवळच्या औषधांनी मलमपट्टी केली गेली. त्याला मुंबईला न्यावं, चित्रीकरण पुढे ढकलावं, असं बरोबरच्यांनी सुचवलं. पण पुढचा प्रसंग मेलेल्या रोहिदासाचा होता, आणि एक दिवस वाया जाणं परवडणारं नव्हतं. निपचित पडलेल्या मुलावरच तो प्रसंग चित्रित झाला.

ही गोष्ट बहुतेक वेळा फाळक्यांच्या निष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते. तिचा असा गौरव करू नये. सरस्वतीबाई होकार देऊ शकत होत्या, नकारही, निदान कुरकुर तरी करू शकत होत्या. शुद्ध हरपलेलं मूल काहीच करू शकत नव्हतं. मुलगा बरा झाला, पुढे मोठा झाला, हे त्याचं आणि घराचं भाग्य. त्याने त्या क्षणाचा निर्णय बरोबर ठरत नाही. फाळक्यांचं मोठेपण एवढं आहे की त्याला या एका चुकीची कबुली सहज पेलते. ती लपवायला लागणं हाच त्यांचा अपमान.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. असा हिशेब करत बसलं तर जगात नवं काही उभंच राहणार नाही. घरच्यांना विचारून, तजवीज करून, मग उरल्या पैशांत कोणी चित्रपट काढला असता का? फाळके लंडनला गेले त्याच काळात लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, कर्मयोगाची मांडणी त्यांनी तिथेच केली; 'गीतारहस्य' १९१५ साली छापून आलं. फळाची आशा न धरता कर्म करावं, हे त्या पिढीच्या रक्तात भिनलं होतं आणि त्यातून मोठमोठी माणसं घडली. पण फळाची आशा सोडायची ती स्वतःच्या फळाची. बायको-मुलांच्या ताटातली भाकरी त्यांच्या वतीने कोणी निष्काम होऊन सोडू शकत नाही.

आणि याचा सर्वांत देखणा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. देहूच्या तुकोबांचं सावकारीचं घराणं. संसारातून मन उठल्यावर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्यापुढचा तपशील मात्र कमी सांगितला जातो. परंपरा सांगते की आधी त्यांनी कागदांच्या वाटण्या केल्या. धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा हिस्सा त्याच्या हवाली केला, आणि नदीत बुडवला तो फक्त आपला वाटा. विरक्तीच्या भरातही दुसऱ्याच्या कागदाला हात लावला नाही. तुकोबांच्या घरातही हाल झाले, त्यांच्या पत्नी जिजाऊंनी ते सोसले, हे खरंच. तरी त्यागाआधी वाटणी करायची हे भान तिथे होतं. मीमांसकांनी सूत्रांवर खल करून जे ठरवलं ते देहूच्या वाण्याने नदीकाठी करून दाखवलं.

फाळक्यांच्या उत्तरायुष्यात हे भान किती वेळा आलं, किती वेळा सुटलं, याची नोंद सरळ नाही. १९१४ साली लंडनमध्ये त्यांना तिथेच राहून चित्रपट काढायचं आमंत्रण होतं, ते त्यांनी नाकारलं. इथली माणसं आणि इथला उद्योग वाऱ्यावर सोडायचा नव्हता. हा त्यांच्या चारित्र्यातला फार मोठा क्षण आहे. हिंदुस्थान कंपनीत 'श्रीकृष्ण जन्म' आला, 'कालिया मर्दन' आला, त्यात मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. पुन्हा भागीदारांशी खटके उडाले, पुन्हा बाहेर. या वेळी ते थेट काशीला गेले, बायको-मुलं बरोबर घेऊन. हरिश्चंद्राने जिथे सगळं विकलं, ज्याच्या नावाचा घाट आजही तिथे आहे, त्याच गावात. तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं. चित्रपटापुरते आपण मेलो असंच ते म्हणू लागले. लोकांनी आर्जवं केली, अच्युतराव कोल्हटकरांनी 'संदेश'मधून हाक दिली, आणि ते परतले, पण आता मालक म्हणून नाही, पगारावर. ज्या कंपनीचे ते आत्मा होते तिचे नोकर झाले. बोलपटांचा जमाना आला. १९३७चा 'गंगावतरण' कोल्हापूर सिनेटोनसाठी, हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ला नाशिकला त्यांचं निधन झालं, तेव्हा गाठीला काही नव्हतं.

'राजा हरिश्चंद्र'नंतर इतरांच्या बाबतीतही हा प्रसंग घडत राहिला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला गायिका तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं. स्वतःचं कमावलेलं, स्वतःच्या मर्जीने. हा प्रकार निराळा, आणि निर्मळ. कलकत्त्यात सत्यजित रायनी 'पथेर पांचाली'साठी विमा गहाण टाकला, ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या, आणि तरी पुरेना तेव्हा पत्नी बिजोया राय यांचे दागिने गहाण पडले. पुढे पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला आणि १९५५ साली चित्रपट पुरा झाला. विमा आणि दागिने, चाळीस वर्षांच्या अंतराने, दोन प्रांतांत, तेच. देशातल्या चित्रपटकलेच्या दोन सर्वांत मोठ्या आरंभांच्या तळाशी दोन बायकांचं सोनं आहे. हा योगायोग नाही. धनको जिथे दार लावून घेतो तिथे घरातलं कपाट उघडतं, ही आपल्याकडच्या उद्योगाची खरी रीत आहे, आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकांत तिला जागा मिळत नाही.

मार्कंडेय पुराणातल्या कथेचा शेवट कीर्तनांतून आणि नाटकांतून बहुधा गळतो. फाळक्यांच्या चित्रपटातही शंकर प्रकट होतात, राज्य परत मिळतं आणि कथा आटोपते. पुराणात मात्र इंद्र हरिश्चंद्राला स्वर्गात न्यायला येतो आणि राजा नाही म्हणतो. कोसलचे लोक माझ्या दुःखाने होरपळले आहेत, त्यांना मागे ठेवून मी येणार नाही. माझं जे काही पुण्य असेल ते माझ्या एकट्याचं नाही, त्यांच्याही वाट्याचं आहे. ते सगळ्यांत वाटा, मग आमच्या वाट्याला एकच दिवस स्वर्ग आला तरी चालेल. आणि तो सगळ्यांना घेऊन जातो. किंमत सगळ्यांनी मोजली असेल तर पुण्याची वाटणीही सगळ्यांत झाली पाहिजे, हे ज्याला कळलं तो खरा सत्त्वशील. राज्य देणारा हरिश्चंद्र शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. पुण्य वाटणारा उतरतो.

फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९पासून दिला जातो. पहिला देविकाराणींना मिळाला. २००९ साली परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त विभावरी देशपांडेंनी सरस्वतीबाई उभ्या केल्या, आणि अनेक मराठी प्रेक्षकांची त्यांच्याशी ओळख झाली ती तिथेच. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढंच आहे, आणि तेही १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीचं असल्याचं अभ्यासक मानतात. चित्रपट अर्धा हरवला. निदान तो करणाऱ्यांचं श्रेय तरी अर्धं राहू नये.

आज जो कोणी घर गहाण टाकून चित्रपट काढायला निघाला आहे त्याने बायकोचं, आईचं, भावाचं नाव कंपनीच्या कागदांत भागीदार म्हणून लिहावं; आभाराच्या पाटीवर भागवू नये. आणि दर वर्षी ३ मे रोजी पहिल्या भारतीय चित्रपटाची आठवण काढली जाते, तेव्हा शाळांतून, सभांतून, वर्तमानपत्रांतून 'राजा हरिश्चंद्र'चे निर्माते म्हणून दोन नावं घ्यावीत: धुंडिराज गोविंद फाळके आणि सरस्वतीबाई फाळके.